एफिशियंट माणसाची बदली

शब्दकोशात 'एफिशियंट' या शब्दाचा अर्थ 'कार्यक्षम, कमी श्रमात आणि कमी वेळात काम पार पाडणारा' असा दिलेला आहे. शब्दकोश करणारी मंडळी विद्वान असतात याबद्दल मला शंका नाही. पण त्यांतल्या एकानं जरी बपेऱ्याच्या आमच्या उपकार्यालयात लिपिक म्हणून सहा महिने काढले असते, तर पुढच्या आवृत्तीत त्यानं हा अर्थ खोडून दुसरा लिहिला असता. मी तिथं अकरा वर्षं काढली. खात्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तीन दिवसांत लेखी खुलासा मागतील, आणि त्या खुलाशाचा मसुदा करायला मलाच बोलावतील, कारण खुलासे माझे चांगले असतात असं वरपर्यंत मत आहे.

मला बदली हवी होती. बढती नको होती, खुर्ची नको होती. बपेरा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला. तिथं रस्त्याच्या एका बाजूला उभं राहिलं की मोबाइलवर मध्य प्रदेशात स्वागत होतं आणि दुसऱ्या बाजूला गेलं की महाराष्ट्रात. माझं गाव आसगाव, पवनी तालुक्यातलं, जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला. मधे तीन बस बदलायच्या, त्यातली एक हमखास चुकायची. गावी माझी बायको साधना आणि माझे वडील. वडिलांना सारं गाव दादाजी म्हणतं, मी बा म्हणतो.

बाच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली होती. आधी बैलांची नावं गेली. मग धानाच्या शेतातली कोणती बांधी आपली आणि कोणती शेजाऱ्याची हे गेलं, त्यावरून एक भांडणही झालं. मग तो साधनाला कौशल्या म्हणून हाक मारायला लागला. कौशल्या म्हणजे माझी आई, तिला जाऊन नऊ वर्षं झालेली. साधना म्हणाली, "मले राग नाई येत जी. पन सासूबाईच्या चुका बी मलेच आयकाव्या लागतेत." पवनीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, "आता ओळखतेत. अजून वर्ष-दीड वर्ष ओळखतीन. पुढचं सांगता येत नाई. तुमी जवळ राहा, रोज तोंड दिसलं पाह्यजे."

मी बाला बपेऱ्याला आणून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो धान पाहायला म्हणून निघाला आणि दुपारी सीमेवरच्या बावनथडी नदीच्या पुलावर सापडला. राज्य सोडून चालला होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, त्याची जागा बदलू नका. त्याची जागा बदलायची नाही म्हटल्यावर माझी बदलणं आलं. हिशेब सरळ होता: दीड वर्षाच्या आत मला आसगावात पोचायचं होतं.

आमचे साहेब माणूस वाईट नव्हते. घाटावरून आलेले, बोलायला मऊ. मी सगळं सांगितल्यावर ते हळहळले आणि म्हणाले, "काटेखाये, तुम्ही विनंती अर्ज करा. मी अशी शिफारस लिहितो की वरचे नाही म्हणूच शकणार नाहीत." आणि त्यांनी खरोखरच लिहिली, इंग्रजीत, स्वतःच्या हातानं, कारण टायपिंग मी करतो आणि स्वतःची शिफारस स्वतः टाइप करणं बरं दिसलं नसतं. त्यात एक वाक्य असं होतं की श्री. सुखराम काटेखाये इज अ व्हेरी एफिशियंट वर्कर. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी इंग्रजीत काही चांगलं लिहिलेलं मी प्रथमच पाहत होतो. मी तो कागद चार वेळा वाचला. पाचव्यांदा वाचला तो तुमसरला, लॅमिनेशनच्या दुकानात.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. महत्त्वाचा कागद हाती आला की तो लॅमिनेट करायचा, ही आमच्याकडची रीत आहे. टीसी, जातीचा दाखला, सातबारा, सगळं प्लास्टिकमध्ये. आमच्या कार्यालयात एका गृहस्थानं कोंबड्यांना लस टोचल्याची चिठ्ठी लॅमिनेट करून आणली होती, आणि ती मी स्वीकारली होती. कागद पावसात भिजतो, उंदीर खातो, वाळवी खाते, साहेब चहा सांडतात. प्लास्टिकला यातलं काही होत नाही. तेव्हा मी जे केलं ते मूर्खपणानं केलं असं कोणी म्हणू नये.

जिल्ह्याच्या कार्यालयात बदलीच्या टेबलावर मनाली मॅडम होत्या. त्यांनी माझा अर्ज घेतला, त्यावर आवकचा शिक्का मारला, मग शिफारशीवर मारला. शिक्का घसरला. शाई त्यांच्या ड्रेसच्या बाहीला लागली.

"हे काय आनलं जी?"

"शिफारस."

"याच्यावर शिक्का कसा मारू मी? ओरिजिनल आना."

"हेच ओरिजिनल आहे मॅडम."

"मंग दुसरं ओरिजिनल आना," त्या म्हणाल्या आणि रुमालानं बाही पुसायला लागल्या.

तो लॅमिनेट केलेला कागद मी आसगावला नेला. साधनानं ओसरीच्या भिंतीला खिळा ठोकला आणि तो टांगून दिला. बानं विचारलं, हे काय? साधना म्हणाली, तुमच्या पोराबद्दल मोठ्या सायबानं लिवलं, थो एफिशियंट आहे म्हनून. एफिशियंट म्हंजे? म्हंजे लय कामाचा. बानं तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला. बैलांची नावं गेली होती, पण हा शब्द राहिला. पुढे ओसरीवर जो कोणी येईल त्याला बा भिंतीकडे बोट दाखवून सांगायचा, "माहा पोरगा एफिशियंट आहे." लोक हो म्हणायचे. पोस्टमननं एकदा अर्थ विचारला तर बानं त्याला अडाणी ठरवलं.

इकडे मी साहेबांकडे दुसरं ओरिजिनल मागायला गेलो. लॅमिनेशनचं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणालो की पहिलं चाललं नाही. साहेबांना वाटलं भाषा कमी पडली. ते जिद्दीला पेटले. दुसऱ्या पत्रात त्यांनी 'हायली एफिशियंट अँड इनडिस्पेन्सेबल' असं लिहिलं. तो दुसरा शब्द मला नीटसा येत नव्हता. बपेऱ्यात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो ते तुलाराम गुरुजी म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांना पत्र दाखवलं.

"इनडिस्पेन्सेबल म्हणजे ज्याच्याबिगर चालूच शकत नाही असा," गुरुजी म्हणाले.

"मग तर चांगलंच झालं."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेला माणूस, निकाल आधी सांगायचा नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

मे महिन्यात बदल्यांची यादी लागली. माझ्या नावापुढे शेरा होता: 'सदर कर्मचारी अत्यंत कार्यक्षम असून त्यांच्या बदलीने उपकार्यालयाचे कामकाज विस्कळीत होईल. सबब विनंती अमान्य.' त्याच यादीत दोन नावं सोडून वीरेंद्रचं नाव होतं. त्याची बदली भंडाऱ्याला, थेट जिल्ह्याच्या कार्यालयात, घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर.

वीरेंद्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बसायचा म्हणजे पॅन्ट खुर्चीला लागायची. टपाल फाडायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं एकदा अर्ध्या वर्षाचं टपाल न फाडता जुन्या पंख्याच्या खोक्यात घालून ठेवलं होतं, आणि विचारल्यावर म्हणाला होता की पंखा गेला, खोकं रिकामंच होतं. साहेबांनी त्याच्याबद्दल शिफारस लिहिली नव्हती. वर फोन करून हात जोडले होते, की याला कुठंही न्या पण इथून न्या. निरोपाला साहेबांनी त्याला शाल दिली. भाषण मी लिहून दिलं होतं. वीरेंद्र जाताना माझ्या गळ्यात पडला आणि मनापासून म्हणाला, "काटेखायेजी, वाईट नोका वाटून घेऊ. पन तुमी काम करून राहिले, हेच तुमचं चुकलं."

त्या दिवशी संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर माझ्या प्रकरणाची सुनावणी झाली. ज्यांच्याकडून मला जेवणाचा डबा यायचा त्या चंद्रभागाबाईही डबा पाठवण्याऐवजी स्वतः आल्या. गुरुजींनी आता तोंड उघडलं.

"त्या शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक होता, उपयोग ठाऊक नव्हता," ते म्हणाले. "एफिशियंट कशाला म्हणतात? एफिशियंट पंप. एफिशियंट शेगडी. एफिशियंट क्लार्क. एफिशियंट साहेब असं कधी वाचलं काय? एफिशियंट मंत्री? हा शब्द वापरणाऱ्याला लागत नाही, वापरायच्या वस्तूला लागतो. चांगला पंप कोणी दुसऱ्याला देतो काय?"

"मग मी काय करू?"

"बिघडा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या जावेनं लग्नानंतर एकदा भाजीत दोनदा मीठ टाकलं. चाळीस वर्सं झाले, सयपाक मी करून राहिले. तिले बाप्पा कोनी रांधाले सांगतच नाई."

मला सल्ला पटला. अपमान वाटला, पण पटला. दुसऱ्या दिवसापासून मी बिघडायला सुरुवात केली, आणि तिथं माझ्या लक्षात आलं की हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी लहानपणापासून सवय लागते. पहिल्या दिवशी मी आलेले अकरा अर्ज हात न लावता टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. तीन वाजेपर्यंत कळ काढली. मग एका अर्जाची टाचणी तिरकी दिसली म्हणून सरळ केली, आणि साडेपाचला पाहतो तर अकराही निकाली निघालेले.

मग मी मोठा घाव घालायचं ठरवलं. मासिक अहवाल पाच तारखेला जायचा, तो मी वीस तारखेपर्यंत खणात दडपून ठेवला. नोटीस येणार म्हणून रोज वाट पाहिली. अठरा तारखेला वरून परिपत्रक आलं की अहवालाचा नमुना बदलला आहे, पाच तारखेला ज्यांनी जुन्या नमुन्यात पाठवला त्यांनी सगळा नव्यानं करावा. जिल्ह्यात फक्त बपेऱ्याचा अहवाल चुकीच्या नमुन्यात गेला नव्हता. साहेबांनी बैठकीत माझं दूरदृष्टीबद्दल अभिनंदन केलं.

शेवटी मी एका ठेकेदाराची फाइल विनाकारण अडवून धरली. त्रुटी नव्हती, तरी लिहिलं: त्रुटी आहे. तो तक्रार करेल, चौकशी होईल, शेरा बिघडेल. ठेकेदार तिसऱ्या दिवशी स्वतः आला आणि घाम पुसत म्हणाला, "बाबूजी, तुमच्या नजरेतून काई सुटत नाई. चूक झाली." आणि त्यानं मला माहीतच नसलेली त्रुटी सांगून टाकली. फाइल घेऊन गेला, दुरुस्त करून आणली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मला 'कार्यक्षम कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र मिळालं. नारळ, फूल आणि नाकाडोंगरीच्या कार्यालयाचा अतिरिक्त कार्यभार. तिथला लिपिक सहा महिन्यांपासून रजेवर होता, आणि दोन कार्यालयं सांभाळेल असा एफिशियंट माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. आतापर्यंत मी महिन्यातून दोनदा गावी जाऊ शकत होतो. आता रविवारीही नाकाडोंगरीचं तुंबलेलं काम उपसत बसायचो, आणि गावी जाणं दोन महिन्यांतून एकदा व्हायला लागलं. ते प्रमाणपत्र मी लॅमिनेट केलं नाही. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली घातलं.

बाशी मी रोज फोनवर बोलायचो. उन्हाळ्यात तो विचारायचा, "सुखराम, कवा येतोस?" पावसाळ्यात विचारायचा, "पोरा, हापिसात काय म्हनतेत?" दिवाळीत त्यानं विचारलं, "कोन बोलते?" मी नाव सांगितलं की हो हो म्हणायचा, लाजल्यासारखा. जानेवारीच्या अखेरीस मला ऐकू आलं, तो फोन कानापासून दूर धरून साधनाला सांगत होता, "कौशल्या, कोन्या सायबाचा फोन आहे, तूच बोल." मी त्या दिवशी नाकाडोंगरीच्या कार्यालयात होतो. समोर एक म्हातारी दाखल्यासाठी बसली होती. मी तिच्यावर कारण नसताना ओरडलो. ती निघून गेल्यावर मला स्वतःची किळस आली.

मार्चमध्ये मी पुन्हा अर्ज केला. या वेळी शिफारस घेतली नाही. पण जुनी फाइल होतीच, आणि तीत साहेबांची हायली एफिशियंट शिफारस, प्रमाणपत्राची नक्कल, अहवालाबद्दलचं अभिनंदन, सगळं व्यवस्थित लावलेलं. इथून लावून वर पाठवणारा मीच. अर्ज कितीही साधा असला तरी ती फाइल उघडली की संपलं. मी आशा सोडली होती. आणि मे महिन्यात आदेश आला: विनंतीनुसार आसगावला बदली.

माझा विश्वास बसेना. भंडाऱ्याला गेलो. बदलीच्या टेबलावर मनाली मॅडमच्या जागी वीरेंद्र बसला होता. मला पाहून त्याचं तोंड उतरलं.

"काटेखायेजी, माफ करा. तुमची जुनी फाइल माह्याकडून हरपली. लय शोधली. सायब चिडले असते, म्हनून मी गुपचूप नवीन फाइल केली, फक्त तुमचा अर्ज लावून. कोरीच होती. कोनी काई विचारलं नाई, सही झाली."

अकरा वर्षांच्या कामानं जे झालं नव्हतं ते वीरेंद्रच्या हलगर्जीपणानं झालं होतं. मी त्याला मिठी मारायला पुढे झालो. त्याला वाटलं मी रागानं मारायला उठलो, तो खुर्ची घेऊन मागे सरकला.

पण आदेश निघाला म्हणजे माणूस सुटला असं नसतं. कार्यमुक्त करायचं साहेबांच्या हातात. "काटेखाये, तुमच्या जागी कोणी आल्याशिवाय मी तुम्हाला कसा सोडू?" ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जून गेला, जुलै गेला. धानाची रोवणी झाली. माझ्या जागी दोघांची नावं निघाली, दोघांनीही आजारपणाचे दाखले दिले. त्या दोघांच्या गैरहजेरीचे अहवालही मीच लिहिले, वेळेवर. ऑक्टोबरमध्ये एक मुलगी नव्यानं भरती होऊन आली. तिला चार दिवसांत सगळं शिकवलं. ती चटकन शिकली, आणि मी जाताना तिला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, हळू शीक. तिला ते कळलं नाही.

डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं होतं. मी एकविसाव्या महिन्यात आसगावला उतरलो. दुपारची वेळ होती, हलक्या धानाची कापणी लागलेली. बा ओसरीवर खाटेवर बसला होता. मला पाहून उठला, धोतर सावरलं आणि हात जोडले.

"या जी सायब, बसा. कौशल्या, सायबाले पानी आन."

साधना दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात तांब्या होता. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. मी खाटेवर बसलो. हातात कार्यमुक्तीचा आदेश होता, तो खिशात घातला.

"कोन गावचे जी?"

"इथलाच."

"कामाले कोठी असता?"

"इथंच. बदलून आलो."

"माहा पोरगा बी सरकारी हापिसात आहे. तिकडं वर." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. प्लास्टिकच्या आत माझा कागद अजून नवा दिसत होता. "थो येत नाई जी. थ्याचा दोस नाई. थो एफिशियंट आहे, लोकं सोडत नाई थ्याले."

मी पाणी प्यायलो. बा माझ्याकडे निरखून पाहत होता. मला वाटलं, आता, आता. मग त्याच्या तोंडावर दया आली, एखाद्या नापास झालेल्या मुलाकडे पाहावं तशी.

"तुमाले त सोडलं. म्हंजे तुमी काई एफिशियंट नसान."

"नाही जी," मी म्हणालो.

"जाऊ द्या. घरी त राहता." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आता मी साडेपाचला घरी येतो. पुढच्या मोहल्ल्यातच कार्यालय आहे. बा रोज ओसरीवर वाट पाहत असतो, सायब येणार म्हणून, आणि रोज तेच विचारतो: माह्या पोराच्या बदलीचं काय झालं. मी सांगतो, अर्ज वर गेला आहे, प्रक्रियेत आहे. हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत आलो, सराईतपणे सांगतो. बाचं तेवढ्यानं समाधान होत नाही. तो माझा हात धरतो.

"लवकर करा जी," तो म्हणतो. "मले आता थ्याचं तोंड आठवत नाई."